माहिती सुरक्षा आणि वेब डेटा मायनिंग: खानदेशात बसून खरं संशोधन काय करता येईल?

पांझरेकाठी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. मी धुळ्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवते. यंदा पीएच.डी.ला नोंदणी झाली. विषय कागदावर ‘माहिती सुरक्षा आणि वेब डेटा मायनिंग’ (वेबवरच्या ढीगभर माहितीतून उपयोगाचं खणून काढणं) एवढा ऐसपैस लिहिलाय. त्यातला नेमका तुकडा निवडून सहा आठवड्यांत आराखडा द्यायचा आहे.

विषय का घेतला ते आधी सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या आप्पांना (सासरे, साक्री तालुक्यात शेती) गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फाईल आली. पीएम किसानचा हप्ता अडकलाय, केवायसी करा, असा मजकूर आणि खाली एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवायची फाईल. पाठवणारा नंबर गावातल्याच ओळखीच्या माणसाचा. त्यांनी ती टाकून घेतली. रात्रीतून खात्यातले ४८ हजार गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकाला फोन केला, तक्रार नोंदवली, पैसे अजून आलेले नाहीत.

आप्पा एकच सांगत होते, “मी कोणाले ओटीपी सांगेल नही.” घरात कोणाचा विश्वास बसला नाही. माझाही नाही. संगणक शिकवणारी मी, आणि मलाही वाटलं की म्हातारा माणूस, सांगितला असेल आणि आता लाजतोय. तीन दिवसांनी वाचताना कळलं की ही ॲप्स एसएमएस वाचायची परवानगी घेतात आणि आलेला ओटीपी परस्पर पुढे पाठवतात. आप्पा खरंच बोलत होते. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

मार्गदर्शकांनी दोन पर्याय सुचवलेत. पहिला, केडीडी कप ९९ या जुन्या तयार संचाच्या डेटावर नवं अल्गोरिदम चालवून नेटवर्क घुसखोरी ओळखणं. दुसरा, फिशिंगच्या, म्हणजे खऱ्यासारखं दिसून माहिती काढून घेणाऱ्या साइटच्या, वेब पत्त्यांचं वर्गीकरण. सध्या जगात या क्षेत्रात खरोखर काय चाललंय, आणि इथे बसून, प्रयोगशाळा नसताना, काय जमेल? जाणकारांनी सांगावं.

---

शहाद्याची

वाचतेय. मीही एम.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रकल्प याच विषयात हवाय.

---

भुसावळ_जंक्शन

ताई, आप्पांचं वाचून वाईट वाटलं. मी मूळ भुसावळचा, पुण्यात सुरक्षा क्षेत्रात नोकरी करतो.

केडीडी ९९ कृपा करून घेऊ नका. तो डेटा १९९८ साली एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने तयार केलेल्या कृत्रिम रहदारीतून काढला आहे. ४१ गुणधर्म, आणि स्मर्फ, नेपच्यून, टिअरड्रॉप असले हल्ले. आज त्यातले बहुतेक इतिहासजमा आहेत. वर २००९ मध्ये संशोधकांनी मोजून दाखवलं की शिकवण्याच्या भागातल्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणीच्या भागातल्या सुमारे ७५ टक्के नोंदी पुनरावृत्ती आहेत. म्हणजे परीक्षेत तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचे आणि ९९ टक्के मिळाले म्हणून पेढे वाटायचे. त्यावर उपाय म्हणून एनएसएल-केडीडी हा सुधारलेला संच आला. पुनरावृत्ती गेली, पण हल्ले तेच जुने राहिले.

आप्पांच्या फोनवर जे झालं त्यातलं काहीही या ४१ रकान्यांत दिसणार नाही.

---

चाळीसगावकर

भुसावळ, तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण कॉलेजातली परिस्थितीही बघा. मीही शिकवतो. आठवड्याला १८ तास, वर परीक्षा, नॅक, प्रवेशाची कामं. आमच्या लॅबमधली यंत्रं आठ वर्षांची आहेत. माणसाने स्वतःचा डेटा कधी गोळा करायचा? केडीडी फुकट मिळतो, लॅपटॉपवर चालतो, मार्गदर्शकांना माहीत असतो. पेपर छापून येतो. घरदार सांभाळून पीएच.डी. करणाऱ्याला हा रस्ता चुकीचा आहे असं म्हणणं सोपं आहे, त्यावर चालणाऱ्याचे हाल वेगळे असतात.

---

भुसावळ_जंक्शन

सर, हाल मान्य. माझं म्हणणं एवढंच की आता ती सक्ती पूर्वीसारखी राहिलेली नाही. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट काढली आहे. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. विद्यापीठाचे स्वतःचे नियम असतात ते बघावे लागतील, पण “पैसे भरा, तीन दिवसांत छापा” असल्या नियतकालिकांच्या मागे लागायची गरज कमी झालीय. ज्या पेपरवर पुढे कोणी काही उभारणार नाही त्यासाठी ताईंनी चार वर्षं का घालवावीत?

आणि यंत्रांचं म्हणाल तर पत्ते, प्रमाणपत्रं, परवानग्या यांच्या अभ्यासाला महागडं यंत्र लागत नाही. वाचायलाही खर्च नाही. युझनिक्स या संगणक संस्थेच्या परिषदांचे सगळे पेपर २००८ पासून खुले आहेत, एनडीएसएस या सुरक्षा परिषदेचेही फुकट मिळतात.

---

अमळनेरचा_मास्तर

मी संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो. सुरक्षेतलं मला फार कळत नाही, पण “९९ टक्के अचूक” हे शब्द वाचले की हात शिवशिवतात.

समजा दिवसाला १ लाख संदेश येतात, त्यात खोटे १००. तुमचं यंत्र खोट्यातले ९९ टक्के पकडतं आणि चांगल्या संदेशांवर फक्त १ टक्का वेळा चुकून ओरडतं. ऐकायला उत्तम. आता हिशेब करा. खोट्यातले पकडलेले ९९. चांगले संदेश ९९,९००, त्यांचा १ टक्का ९९९. एकूण आरडाओरडा १,०९८ वेळा, त्यात खरा ९९ वेळा. म्हणजे शंभरातल्या ९१ वेळा यंत्र उगाच ओरडलं. दुसऱ्या दिवसापासून माणूस ते बंद करून ठेवेल. घुसखोरी ओळखण्याच्या बाबतीत हा मुद्दा १९९९ साली स्टेफान ॲक्सेलसन यांनी मांडला, तरी अजून निम्म्याला निम्मे खोटे नमुने घेऊन प्रयोग करतात. प्रत्यक्षात खोट्यांचं प्रमाण किती, हे आधी विचारा. अल्गोरिदमचं नाव नंतर.

---

भुसावळ_जंक्शन

मास्तर, अगदी याच चुकांवर २०२२ मध्ये युझनिक्स सिक्युरिटीला एक महत्त्वाचा पेपर आला. मोठमोठ्या परिषदांतले आधीच्या दहा वर्षांतले ३० पेपर तपासले, दहा प्रकारचे खड्डे ठरवले, आणि प्रत्येक पेपर निदान तीन खड्ड्यांत पडलेला सापडला. म्हणजे हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही, जगातल्या नावाजलेल्या प्रयोगशाळांचंही आहे.

त्यातला एक खड्डा काळाचा. २०१९ च्या टेसरॅक्ट नावाच्या कामात अँड्रॉइड मालवेअरवर हे दाखवलं आहे. पुढच्या वर्षीची ॲप्स शिकवायला वापरली आणि मागच्या वर्षीची परीक्षेला, तर निकाल छान येतो, कारण यंत्राने भविष्य आधीच पाहिलेलं असतं. तारखांचा क्रम पाळला की तोच निकाल घसरतो. ताई, तुम्ही जे काही गोळा कराल त्यावर तारीख टाका. तारीख नसलेला नमुना निम्मा वाया जातो.

---

शहाद्याची

पण मग वेब मायनिंग कुठे आलं यात? आमच्या पुस्तकात वेब मायनिंग म्हणजे मजकूर, रचना आणि वापर असे तीन प्रकार, आणि पेजरँक, एप्रायोरी वगैरे अल्गोरिदम. सुरक्षेशी जोड कुठे?

---

भुसावळ_जंक्शन

चांगला प्रश्न. मला तर सध्याचं सगळ्यात रंजक काम याच सांध्यावर दिसतं.

पहिलं उदाहरण. आज मोठी भाषा प्रारूपं (चॅटजीपीटीच्या मागे असतात तशी) आणि चित्र प्रारूपं वेबवरून खणलेल्या डेटावर शिकतात. हा डेटा बहुतेक वेळा पत्त्यांची यादी म्हणून वाटला जातो, मजकूर ज्याने त्याने उतरवून घ्यायचा. निकोलस कार्लिनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या यादीतली काही संकेतस्थळं बंद पडलेली असतात, त्यांची नावं कोणीही विकत घेऊ शकतो, आणि तिथे हवं ते ठेवू शकतो. लायन-४००एम या चित्रांच्या संचाचा ०.०१ टक्के भाग फक्त ६० डॉलरमध्ये विषारी करता आला असता. आपल्याकडे एखाद्या संस्थेची साइट नूतनीकरण न झाल्याने दुसऱ्याच्या हातात गेलेली मी स्वतः पाहिली आहे, त्यामुळे हे मला फार जवळचं वाटतं.

दुसरं. प्रारूपं पाठांतर करतात. २०२१ मध्ये याच मंडळींनी जीपीटी-२ या भाषा प्रारूपाकडून ६०० हून जास्त मजकूर शब्दशः वदवून घेतले, त्यात माणसांची नावं, फोन नंबरही होते. आणि २०२५ च्या सुरुवातीला कॉमन क्रॉल या वेब पानांच्या खुल्या साठ्याच्या एका संग्रहात सुमारे १२,००० चालू पासवर्ड आणि एपीआय किल्ल्या (प्रोग्रामने वापरायचे पासवर्डच) सापडल्या. कोणी चोरल्या नव्हत्या. लिहिणाऱ्यांनीच पानात उघड्या ठेवल्या होत्या, क्रॉलर (पानं आपोआप उतरवणारा प्रोग्राम) आला आणि घेऊन गेला.

तिसरं, जे तुला लगेच करता येईल: प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदी. कुठल्याही साइटला कुलपाचं चिन्ह मिळवायचं तर प्रमाणपत्र लागतं, आणि ते दिल्याची नोंद जगासमोर होते. खोट्या साइटचीही होते. ‘किसान’, ‘केवायसी’, ‘चलन’ असे शब्द असलेली नवी नावं रोज गाळून घ्यायची, ती किती दिवस जगतात हे बघायचं. लॅपटॉप आणि चिकाटी एवढंच भांडवल लागतं. तुलनेला चांगल्या साइट म्हणून अलेक्साची लोकप्रिय साइटची यादी वापरू नकोस, ती २०२२ मध्ये बंद झाली. त्याऐवजी ट्रँकोची यादी वापर.

---

केळीबाग_यावल

मी शेतकरी. बी.एस्सी. संगणक केलं, आता बाग बघतो. धाग्यात दोन गोष्टी खटकल्या म्हणून लिहितोय.

पहिली. खोट्या साइट शोधा म्हणता, पण आमच्याकडे साइट येतच नाही. फाईल येते. कधी हप्त्याच्या नावाने, कधी वाहनाच्या चलनाच्या, लग्नसराईत पत्रिकेच्या नावाने. ती वेबवर नसते, ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरते, कारण ज्याचा फोन आधी गेला त्याच्याच नंबरवरून पुढे जाते. क्रॉलर फिरवून ती सापडणार कशी? माणसाकडूनच मागावी लागेल.

दुसरी. सगळेजण ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ एवढंच सांगतात. ताईंचे आप्पा तसंच वागले, तरी पैसे गेले. सर्वेक्षण करणार असाल आणि त्यात ‘तुम्ही ओटीपी सांगितला का’ असं विचारणार असाल, तर सगळे नाही म्हणतील, ते खरं असेल, आणि तुमच्या हाती काही लागणार नाही. ‘आलेली फाईल टाकून घेतली का’ असं विचारा.

---

पांझरेकाठी

केळीबाग भाऊ, तुमचा दुसरा मुद्दा वाचून मी प्रश्नावलीचा मसुदा उघडला. पहिलाच प्रश्न ‘ओटीपी सांगितला का’ असा होता. घरात तो प्रश्न आम्ही आप्पांना किती वेळा विचारला असेल. काढून टाकला.

पण ‘फाईल टाकून घेतली का’ यालाही लोक खरं उत्तर देतील का? गावात फसवणूक झालेली माणसं लपवतात. पैसे गेल्यापेक्षा हसू होण्याची भीती मोठी.

---

अमळनेरचा_मास्तर

यावर १९६५ पासून उत्तर आहे. स्टॅन्ले वॉर्नर यांची युक्ती, मी वर्गात नाण्यावर शिकवायचो.

उत्तर देणाऱ्याने नाणं उडवायचं, तुम्ही बघायचं नाही. छापा पडला तर खरं उत्तर द्यायचं. काटा पडला तर पुन्हा उडवायचं, आणि या वेळी छापा आला तर ‘हो’, काटा आला तर ‘नाही’, खरं काहीही असो. आता समोरचा ‘हो’ म्हणाला तरी तो फसला म्हणून म्हणाला की नाण्याने म्हणाला, हे तुम्हाला कळत नाही. पण गावाचा हिशेब निघतो. २०० जणांत ८० जण ‘हो’ म्हणाले, म्हणजे ४० टक्के. नाण्यामुळे आलेले २५ टक्के वजा केले, १५ उरले, त्याची दुप्पट ३०. म्हणजे गावातले साधारण ३० टक्के.

साधारण हा शब्द मनापासून घ्या. २०० माणसांत या पद्धतीची चूक दोन्हीकडे १४ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे उत्तर १६ ते ४४ मध्ये कुठेही. लाज झाकायची किंमत म्हणून माणसं जास्त घ्यावी लागतात. हजार घेतलीत तर चूक ६ च्या आसपास येईल.

---

भुसावळ_जंक्शन

मास्तर, सलाम. हीच कल्पना पुढे मोठी झाली. २००० मध्ये राकेश अगरवाल आणि रामकृष्णन श्रीकांत, म्हणजे शहाद्याच्या ताईंच्या पुस्तकातल्या एप्रायोरीचेच लेखक, यांनी डेटात मुद्दाम गोंधळ मिसळून खाणकाम कसं करायचं यावर पेपर लिहिला. २००६ मध्ये सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी डिफरन्शियल प्रायव्हसीची (एखाद्या माणसाची माहिती असो वा नसो, निकाल जवळपास तोच यावा) गणिती व्याख्या दिली. क्रोम ब्राउझरमध्ये २०१४ च्या सुमारास गूगलने वॉर्नरच्याच युक्तीवर आकडेवारी गोळा केली. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेतही ही व्याख्या वापरली. त्यात गोपनीयतेचं माप एप्सिलॉन, जितकं लहान तितकी गोपनीयता जास्त. मास्तरांच्या नाण्याचं एप्सिलॉन ३ चा नैसर्गिक लॉगॅरिदम, साधारण १.१.

---

चाळीसगावकर

एक शंका. नाव काढून टाकलं की झालं ना? एवढा खटाटोप कशाला? गावाचं नाव, वय, पीक, किती रक्कम गेली, एवढंच ठेवा.

---

केळीबाग_यावल

सर, आमच्या गावात ‘वय ६३, केळी, सहा एकर, ९० हजार गेले’ एवढं सांगा, पारावर बसलेलं पोरगंसुद्धा नाव सांगेल.

---

अमळनेरचा_मास्तर

केळीबागने जे पारावरून सांगितलं तेच लटान्या स्वीनी यांनी अमेरिकेत मोजून दाखवलं: पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून तिथली ८७ टक्के माणसं वेगळी ओळखता येतात. नंतर दुसऱ्या अभ्यासात ६३ टक्के निघाली. आकड्यावर वाद होवो, पण दोन्ही आकडे मोठे आहेत. २००६ मध्ये एका कंपनीने साडेसहा लाख लोकांचे शोध शब्द नावं काढून खुले केले. काही दिवसांत पत्रकारांनी त्यातल्या एका वयस्क बाईंच्या घराचं दार वाजवलं. नावाच्या जागी नुसता क्रमांक होता, पण बाईंनी जे जे शोधलं होतं त्यातून घर सापडलं.

---

शहाद्याची

मला भाषेचं विचारायचंय. खोट्या संदेशांची भाषा ओळखणारं काही मराठीत करता येईल का?

---

भुसावळ_जंक्शन

मराठीसाठी पायाभूत काम चांगलं झालंय. आयआयटी मुंबईचं शब्दजाळं (वर्डनेट) आहे, पुण्याच्या एल३क्यूब या गटाचा २०२१ चा भावविश्लेषणाचा सुमारे १६,००० ट्विट्सचा संच आहे. पण ते ट्विटरचं मराठी. ग्रुपवरच्या संदेशात रोमन लिपीतली मराठी, मध्येच हिंदी, मध्येच अहिराणी. त्यावर प्रारूप अडखळतं. जळगावपासून नंदुरबारपर्यंतच्या अहिराणी मजकुराचा असा संच माझ्या पाहण्यात नाही.

---

केळीबाग_यावल

जळगावपासून म्हणू नका हो सरसकट. यावल, रावेर, भुसावळ भागात लेवा गणबोली. तुम्ही तर भुसावळचे! साक्रीकडचा माणूस ‘मना मोबाईलमा’ म्हणेल, आमच्याकडे ‘माह्या मोबाईलमधी’. दोन्हीला एकच शिक्का मारलात तर यंत्रही तेच शिकेल. आणि शहाद्याच्या पुढे भिली, पावरी. तिथे वेगळाच प्रश्न आहे: लोक संदेश वाचत नाहीत, आवाजाचा ऐकतात.

---

भुसावळ_जंक्शन

चूक माझी. घरात लेवा बोलीच बोलतो आणि इथे सरसकट लिहून बसलो. आवाजाच्या संदेशांचा मुद्दा तर मला सुचलाच नव्हता.

---

पांझरेकाठी

आठ दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात मार्गदर्शकांना भेटले, या धाग्यातला मास्तरांचा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडला. केडीडी मागे पडलं. ठरलेलं असं: धुळे, जळगाव, नंदुरबारमध्ये फिरणाऱ्या खोट्या एपीकेंचा तारीखवार संग्रह, त्यांच्या परवानग्या आणि सहीच्या प्रमाणपत्रांवरून (ॲप बनवणाऱ्याची डिजिटल सही) कुळं लावणं, तुलनेला लक्झेंबर्ग विद्यापीठाच्या अँड्रोझू या संग्रहातली ॲप्स. सोबत नाण्याच्या पद्धतीचं सर्वेक्षण.

एक अडचण. आप्पांचा फोन दुकानदाराने रिसेट करून दिला होता, फाईल गेली. पण ग्रुपमध्ये शोधल्यावर चुलत दिरांच्या फोनमध्ये ती तशीच पडलेली सापडली. त्यांनी टाकून घेतली नव्हती, नुसती उतरली होती. ती मी उघडू का?

---

भुसावळ_जंक्शन

फोनवर नाही. सिम नसलेल्या, घरच्या वायफायपासून तोडलेल्या जुन्या लॅपटॉपवर घ्या. पुढे पाठवायची वेळ आली तर पासवर्ड लावलेल्या झिपमध्येच, व्हॉट्सॲपवर नाही. ॲप चालवायची गरजही नाही, जॅडएक्स या ॲपचा कोड उलगडणाऱ्या साधनाने नुसतं सोलून बघा. आधी मॅनिफेस्ट, त्यात ॲपने मागितलेल्या परवानग्या असतात.

एक कळकळीने सांगतो. आत बहुधा टेलिग्राम बॉटची (आपोआप चालणाऱ्या खात्याची) किल्ली सापडेल, चोरलेले एसएमएस तिकडे जातात. ती वापरून पलीकडे काय आहे ते बघायचा मोह होईल. हात लावू नका. तिथे इतर फसलेल्या लोकांचे संदेश असतात, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार विनापरवानगी आत शिरणं हे तुमच्यावरही शेकू शकतं. किल्ली सायबर पोलिसांना द्या, नोंद ठेवा, पुढे जा.

---

पांझरेकाठी

काल रात्री सोलली. मॅनिफेस्टमध्ये एसएमएस मिळवणं, वाचणं, पाठवणं, तिन्ही परवानग्या एकाखाली एक. बॉटची किल्लीही होती, आज सकाळी सायबर ठाण्यात लेखी देऊन आले.

आप्पांना पडद्यावर त्या तीन ओळी दाखवल्या, मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी चष्मा लावून पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्या नणंदेला हाक मारून बोलावलं आणि तिलाही वाचायला लावलं. मी त्यांची माफी मागितली.

केळीबाग भाऊ, तुमच्याकडच्या ग्रुपवर आलेली फाईल कोणाकडे उरली असेल का?

---

केळीबाग_यावल

आहे. लग्नपत्रिकेच्या नावाची, वैशाखात आलेली. शेजारच्या पोराने ठेवली होती. फाईल पाठवत नाही, भुसावळ भाऊंनी सांगितलं तसं स्वतःच बघितलं. हॅश (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ओळख क्रमांक) आणि सहीच्या प्रमाणपत्राचा ठसा व्यक्तिगत निरोपात टाकलाय. जुळवून सांगा.

---

पांझरेकाठी

हॅश वेगळा आहे. नाव वेगळं, चिन्ह वेगळं, तारखेत तीन महिन्यांहून जास्त अंतर.

प्रमाणपत्राचा ठसा तोच आहे.